सात-बारा ते शेअर सर्टिफिकेट आणि परत

स्मरणिका समितीने "संस्थेचा इतिहास तुम्हीच लिहा" असा आग्रह धरला, तेव्हा मला हसू आलं. तळमजला अधिक तीन मजले, २४ ब्लॉक, मागे एक विहीर आणि गच्चीवर पत्र्याची शेड, एवढ्याचा इतिहास तो किती असणार? पण घरी येऊन कपाटातली जुनी फाइल काढली. सगळ्यात खाली १९९८ सालचा करारनामा, सगळ्यात वर २०१६ सालचा सात-बारा उतारा. मधले कागद चाळता चाळता रात्रीचे साडेअकरा वाजले. शेवटी सौ.ने येऊन दिवा घालवला. तेव्हा ठरवलं, लिहायचं. नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांना आणि इथेच लहानाची मोठी झालेल्या मुलांना हे ठाऊक असायला हवं की ब्लॉक घेतला, चावी मिळाली, म्हणजे घर आपलं झालं असं नसतं. आपलं घर पूर्णपणे आपलं व्हायला १८ वर्षं लागली, आणि त्या उशिरात थोडा वाटा माझाही आहे.

गावचं घर

माझा जन्म १९५१ चा, गाव संगमेश्वर तालुक्यातलं. घर चिऱ्याचं, वर नळ्यांचं छप्पर, पुढे पडवी आणि शेणाने सारवलेलं अंगण. घर मोठं होतं, पण कोणाचं? सात-बारावर आजोबांच्या भावंडांपासून सगळ्यांची मिळून १७ नावं. त्यांतली अर्धी माणसं मुंबईत, काही देवाघरी गेलेली, त्यांची नावं कमी करायची राहिलेली. नळे परतायचा खर्च कोणी करायचा यावर दरवर्षी मुंबईशी पत्रव्यवहार व्हायचा.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते प्राथमिक शिक्षक. गावातल्या निम्म्या लोकांचे जमिनीचे कागद तेच वाचून द्यायचे. "ज्याच्या नावावर जमीन, त्याचं घर. बाकी सगळं बिऱ्हाड," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्याचा उल्लेख पुढे येईल.

माझे काका मुंबईला गिरणीत होते. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराची खोली आणि तिच्यात गावचे आठ-दहा पुरुष पाळ्यांप्रमाणे झोपायचे. लहानपणी एकदा आबांबरोबर बोटीने त्यांच्याकडे गेल्याचं आठवतं. रत्नागिरीच्या बंदरात बोट लांब उभी राहायची आणि पडावातून तिथवर जायचं. पावसाळ्यात बोटी बंद, मग एसटी आणि घाट. काकांची खोली बघून मी आबांना विचारलं होतं, "यांचं घर कुठाय?" आबा म्हणाले, "गावाला." गावाला विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, मुंबईला. कोकणातल्या कितीतरी कुटुंबांची ही अशीच स्थिती होती.

१९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि खेडोपाडी शाखा निघू लागल्या. आमच्यासारख्या गोगटे कॉलेजातल्या कॉमर्सच्या मुलांना त्यामुळे नोकऱ्या मिळाल्या. मी १९७३ साली बँकेत लागलो. पुढे बदल्याच बदल्या. १९९६ साली रत्नागिरीला परत आलो, तेव्हा झाडगावातली भाड्याची जागा हे आमचं नववं बिऱ्हाड होतं. सौ. म्हणाली, "आता दहावं नको. जे होईल ते आपलं असू दे."

ओनरशिप ब्लॉक ही कल्पना कुठून आली?

जमीन एकाची नाही, घरं मात्र प्रत्येकाची, ही व्यवस्था आपल्याकडे आली मुंबईहून. भारतातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून जिचा उल्लेख होतो, ती सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी गावदेवीला १९१५ साली निघाली. रावबहादूर तालमकी हे तिच्यामागचे प्रमुख. कारवार-मंगळूरकडून मुंबईत नोकरीला आलेली मध्यमवर्गीय माणसं, भाड्याने बेजार झालेली. एकेकट्याला जमीन घेणं शक्य नव्हतं, म्हणून सगळ्यांनी मिळून घर उभं केलं. म्हणजे ही कल्पना श्रीमंतांची नव्हे, नोकरदारांची आहे.

पुढे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणं कोणाला परवडेना, म्हणून बांधकामवाले ब्लॉक विकू लागले. त्या विक्रीत फसवणूक होऊ लागली, तेव्हा महाराष्ट्र सरकारने १९६३ साली ओनरशिप फ्लॅट्सचा कायदा केला. वकील मंडळी त्याला 'मोफा' म्हणतात. त्यातल्या तीन गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरने करारनामा केल्याशिवाय घ्यायची नाही. पुरेसे खरेदीदार झाले की संस्था नोंदवण्यासाठी पावलं उचलायची. आणि संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर करून द्यायची. या तिसऱ्या गोष्टीला कन्व्हेयन्स म्हणतात.

आपल्या इमारतीच्या कमानीवर 'अपार्टमेंट' असं लिहिलं आहे, त्याने अजूनही घोटाळा होतो. कायद्याने अपार्टमेंट वेगळं. १९७० च्या कायद्याप्रमाणे तिथे घोषणापत्र नोंदवतात आणि प्रत्येक मालकाला जमिनीत अविभक्त हिस्सा मिळतो. आपण सहकारी संस्था आहोत. आपल्याकडे जमीन-इमारत संस्थेची, आणि आपण संस्थेचे भागधारक. प्रत्येकी ५० रुपयांचे पाच शेअर, एकूण २५० रुपये. एवढ्याशा त्या सर्टिफिकेटवर आपलं घर उभं आहे.

रेल्वे आली आणि कातळाला भाव आला

मुंबईला ही पद्धत रुळली, तरी रत्नागिरीत बरीच वर्षं माणूस एक तर स्वतःचं घर बांधायचा, नाही तर आळीत भाड्याने राहायचा. हे बदललं मुख्यतः कोकण रेल्वेमुळे. राजापूर मतदारसंघाचे आपले खासदार प्रा. मधु दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना या रेल्वेला गती मिळाली. १९९० साली महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख. रोखे काढून पैसा उभा केला. आमच्या काउंटरवर त्या रोख्यांची चौकशी करायला येणाऱ्यांत गावचे शेतकरीही असत. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल हे दोन्ही आपल्या अंगणातले. २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग सुरू झाला.

स्टेशन मात्र जुन्या शहरापासून लांब, कुवारबावच्या बाजूला झालं. तोवर साळवी स्टॉपच्या पुढे येणं म्हणजे गावाबाहेर येणं. कातळ, करवंदीच्या जाळ्या, मधूनच एखादी आंब्याची बाग. त्या कातळाला एकदम मोल आलं. एका बाजूला स्टेशन, समोर कोल्हापूरचा रस्ता, तोच पुढे हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो, आणि उलट दिशेला मारुती मंदिर आणि शहर. एसटी थांबते, रिक्षा मिळते. जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटं' लिहिलं होतं. रिक्षाने पाच, पायी वीस, हे आम्हाला राहायला आल्यावर कळलं!

आपल्या २४ जणांमध्ये पहिल्या दिवसापासून शिक्षक होते, वीज मंडळातले होते, एसटीतले होते, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत काम करणारे होते. लांजा-राजापूरकडून मुलांच्या शाळेसाठी आलेली तीन घरं होती. आणि पाच ब्लॉक मुंबईकरांचे, निवृत्तीनंतर येऊ म्हणून घेतलेले. बहुतेकांच्या घराण्यात स्वतःच्या एकट्याच्या नावावर घर घेणारी ही पहिलीच पिढी.

साडेचार लाखांचा डोंगर

दोन बेडरूम, हॉल, किचन. कागदावर ७८० चौरस फूट बिल्टअप. ताबा घेतल्यावर मी टेप धरून मोजलं, तर पाय ठेवायची जागा ५७० च्या आसपास भरली. किंमत साडेचार लाख. आजच्या मुलांना हा आकडा ऐकून हसू येतं. तेव्हा झोप उडायची.

त्याआधीच्या काळात बँका व्यापाराला, शेतीला कर्ज देत; पगारदाराच्या घराला फारसं कोणी देत नसे. एच. टी. पारेख यांनी १९७७ साली एचडीएफसी काढली आणि घरासाठी कर्ज हा वेगळा धंदा उभा राहिला. १९८८ साली नॅशनल हाउसिंग बँक झाली आणि मग हळूहळू सगळ्याच बँका त्यात उतरल्या. आपण घरं घेतली तेव्हा दर चढे होते. उदाहरण घ्या: तीन लाख, १५ वर्षं, १४ टक्के. हप्ता जवळजवळ ४,००० रुपये, आणि एकूण परतफेड ७ लाख १९ हजार. हेच कर्ज साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ३,००० च्या आत येतो. १९९९ च्या अर्थसंकल्पात घरकर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकर सवलत ३० हजारांवरून ७५ हजारांवर नेली, तेव्हा आपल्यातल्या काही जणांनी माझ्या घरी येऊन पेढे ठेवले, जणू बजेट मीच मांडलं होतं.

मला बँकेचं स्टाफ-लोन होतं, सरळ व्याजाचं. इतरांना ते नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण खरा भार दुसऱ्यांनी उचलला. एका घरातल्या वहिनींनी पाटल्या मोडल्या. एका मास्तरांनी शाळेनंतर रात्री शिकवण्या घेतल्या. इमारतीचे हप्ते १५ वर्षं चालू होते, आणि माझ्या माहितीप्रमाणे एकाचंही कर्ज थकलं नाही.

आबांचा प्रश्न

२००० सालच्या मे महिन्यात आम्ही राहायला आलो. त्याच वर्षी संस्था नोंदली गेली. मुख्य प्रवर्तक मीच होतो. वास्तुशांतीला आबा गावाहून आले. चपला काढून सगळ्या खोल्या हिंडले, खिडकीतून मागची विहीर पाहिली. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. ते म्हणाले, "घर झकास आहे रे. पण खालची जमीन कोणाच्या नावावर आहे?"

मी म्हटलं, "आबा, ती संस्थेच्या नावावर होते. कायदाच आहे. चार महिन्यांत."

"झाली की मला उतारा दाखव," एवढंच बोलून ते जेवायला बसले.

चार महिने झाले, वर्ष झालं. मी बिल्डरला दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं की काम पूर्ण झाल्यावर बघू. मग २००२ साली माझी बदली सांगलीला झाली आणि पाठपुरावा थांबला. इतर मंडळींना त्यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं तो गावात नव्हता. मी गावी गेलो की आबा विचारायचे, "उतारा?" मी विषय बदलायचो. २००९ साली आबा गेले. उतारा त्यांना दाखवता आला नाही.

२०११ च्या एप्रिलमध्ये मी निवृत्त होऊन जेमतेम महिना झाला असेल. सकाळी मागच्या बाजूला मोजणीची माणसं आली. मूळ जमीनमालक वारले होते, वारस आठ, त्यातला एक परदेशात. बिल्डरने आणि त्यांनी मिळून मागचे सहा गुंठे वेगळे काढून विकायचं ठरवलं होतं. त्या सहा गुंठ्यांत आपली विहीर होती.

ज्यांनी इथला मे महिना काढला आहे त्यांना मी जास्त सांगायला नको. पावसाळ्यात आकाश फाटतं आणि मे महिन्यात नळाला दिवसाआड पाणी. विहीर गेली असती तर २४ घरांना टँकरशिवाय गत्यंतर नव्हतं.

त्या रात्री गच्चीवर तातडीची सभा झाली. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी, ज्यांचे यजमान आदल्याच वर्षी गेले होते, उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बँकेतले. तुम्ही कागद बघितलेत म्हणून आमच्या ह्यांनी डोळे मिटून सही केली."

मला उत्तर देता आलं नाही. कागद मी बघितलेच होते. ३० वर्षांचा सर्च, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, सगळं चोख. पण करारनाम्यात एक कलम होतं: सर्व काम पूर्ण होऊन सर्व येणं वसूल झाल्यावर कन्व्हेयन्स करून दिला जाईल. तारीख नाही. कर्जदाराच्या कागदात असं कलम दिसलं असतं तर मी लाल पेन्सिलीने खूण केली असती. स्वतःच्या घराच्या वेळी दर बरा होता, दुसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्याचा ब्लॉक हातचा जाईल ही धास्ती होती, म्हणून पान उलटलं. माझं बघून आणखी नऊ-दहा जणांनी उलटलं.

पाच वर्षांचे खेटे

सुदैवाने कायदा बदलला होता. बिल्डर कन्व्हेयन्स देत नसेल तर संस्थेने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून तो मिळवायचा, याला मानीव अभिहस्तांतरण म्हणतात. त्याची दुरुस्ती २००८ ची, नियम २०१० चे. म्हणजे आपल्या भांडणाच्या अगदी तोंडावर दार उघडलं होतं.

कागद गोळा करताना आपल्या संस्थेची खरी परीक्षा झाली. २४ करारनामे हवे होते, मुद्रांक भरलेले, नोंदलेले. तीन सापडेनात. दोन ब्लॉक दुसऱ्यांदा विकले गेले होते, त्यांच्या मूळ मालकांना शोधायला एक जण चिपळूणला आणि एक जण बदलापूरला जाऊन आला. वहिनींचा करारनामा मिळाला तो पत्र्याच्या ट्रंकेत, शालूच्या घडीत. दर ब्लॉकमागे १२ हजार रुपये काढायचे ठरले. मुंबईकरांनी सगळ्यात आधी पाठवले, हेही नोंदवून ठेवतो, कारण "बंद ब्लॉकवाल्यांना काय पडलंय" असं आपल्यात बोललं जातं.

आमच्या बाजूने निर्णायक ठरला तो मंजूर नकाशा. त्यात पूर्ण २० गुंठ्यांचा एकच भूखंड होता, आणि करारनाम्याच्या परिशिष्टातही तेवढंच क्षेत्र लिहिलं होतं. विहीर त्यात आली. २०१२ ला अर्ज, २०१४ ला आदेश, मग मुद्रांकाचा अभिनिर्णय, २०१५ ला दस्तनोंदणी. शेवटी फेरफार मंजूर होऊन २०१६ साली सात-बारावर आपल्या संस्थेचं नाव लागलं.

तो उतारा घेऊन मी आधी वहिनींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून नाव दोनदा वाचलं आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. आता त्याही नाहीत. त्यांचा मुलगा-सून तिथे राहतात.

एक प्रत गावच्या घरी, आबांच्या फोटोमागे लावली आहे. गावच्या सात-बारावर अजून नावं आहेतच. आता ती १७ ची २६ झाली.

पुढच्या २५ वर्षांसाठी

जी रेल्वे आपल्याला इथे घेऊन आली तीच आपल्या मुलांना पुण्या-मुंबईला घेऊन गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझाही मुलगा पुण्यात आहे आणि मांडवीने येतो. आज २४ पैकी सात ब्लॉक बंद असतात. गणपतीत तर उलटंच, सगळं कोकण गजबजतं आणि आपली इमारत ओस पडते, कारण सगळे आपापल्या गावच्या घरी. पण बंद ब्लॉकचाही स्लॅब गळतो आणि त्याचं पाणी खालच्याच्या छताला येतं.

म्हणून जुन्या बँकवाल्याच्या नात्याने चार गोष्टी सांगतो. इमारतीला २५ वर्षं झाली. उपविधीप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी करायचं असतं. आपलं एकदाच झालं आहे. खारा वारा सळईला सोडत नाही, जिन्याखालच्या खांबाचा पापुद्रा सुटलेला सगळ्यांनी पाहिला आहे. सिंकिंग फंडाला हात लावून रंगकाम करू नका. प्रत्येकाने नॉमिनेशन भरा, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तेव्हा मृत्युपत्रही करा. नाहीतर आपल्याही ब्लॉकवर गावच्या घरासारखी १७ नावं लागतील. आणि नवीन घर घेणाऱ्या मुलांनो, आता २०१७ पासून रेरा आहे, कार्पेट एरियावर किंमत आहे, तुमचं बरंच सोपं झालं आहे. तरी करारनाम्याचं प्रत्येक पान वाचा. बँकेतल्या काकांनी वाचलंय म्हणून सोडू नका.

मूळ फाइल मी या महिन्यात चिटणिसांच्या स्वाधीन केली आहे. सात-बारा सगळ्यात वर आहे. दरवर्षी वार्षिक सभेच्या आधी नवा उतारा काढून नाव बघून घ्यावं, एवढी विनंती. विहिरीचा गाळ यंदा एप्रिलमध्ये काढला, त्या दिवशी वरच्या मजल्यावरची दोन शाळकरी मुलं दोर धरायला आली होती.